ट्रकची केबिन रंगवून घेताना: रंग चढण्याआधी काय बघायचं

केबिन पहिल्यांदाच रंगवायला देताना मालकाचं सगळं लक्ष रंगावर असतं. छटा कोणती, चमक किती, मेटॅलिक घ्यायचा की साधा. प्रत्यक्षात गनने रंग मारायला लागतो तो वेळ या सगळ्या कामात सर्वांत थोडा. बाकीचे दिवस जातात ते सुटे भाग काढण्यात, गंज खरवडण्यात, पोचे काढण्यात आणि घासण्यात. रंग किती टिकणार हे त्या दिवसांत ठरतं, आणि वरचा हात बसला की खाली काय झालंय ते कोणालाच दिसत नाही. म्हणून कामाच्या पायऱ्या सांगतानाच, कुठल्या पायरीला स्वतः जाऊन उभं राहायचं हेही सांगतो. ट्रक सोपवून थेट चावी घ्यायला गेलात तर चमक दिसेल, काम दिसणार नाही.

आधी धुवा, मग केबिन वाचा

अंदाज घ्यायला गाडी नेण्यापूर्वी केबिन नीट धुऊन घ्या. डिझेलचा ओशटपणा आणि रस्त्याचा चिखल यांच्याखाली निम्मे दोष लपलेले असतात. मग दिवसाच्या उजेडात, एका बाजूने तिरकं बघत फिरा. पोचे असेच दिसतात, समोरून दिसत नाहीत.

गंज जिथे पाणी थांबतं तिथे असतो: दरवाजाची खालची कड, चाकावरच्या कमानीची आतली बाजू, पायऱ्यांच्या मागचा पत्रा, आणि सगळ्यांत फसवी जागा म्हणजे समोरच्या काचेचे खालचे दोन कोपरे. तिथे रबराची कड बोटाने हलकेच उचलून बघा. रंगावर बारीक फुगे दिसले किंवा तांबडी पूड बोटाला लागली, तर गंज काचेच्या खाली शिरलेला आहे. अशा वेळी काच न काढता रंग मारून घेणं म्हणजे पैसे वाया. वरून टेप लावून रंग चढवला जातो, आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत तोच कोपरा पुन्हा फुगतो. काच चिकटवलेली असेल तर ती काढून बसवणं हे वेगळं काम आहे, त्याचा खर्च आणि वेळ आधीच धरा.

शिडी लावून छतही बघाच. खालून ते दिसत नाही, म्हणून दुर्लक्षित राहतं. पण दिवसभर ऊन तिथेच पडतं. क्लिअर कोटचे, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक चमकदार थराचे, पोपडे आधी छतावर सुटतात.

त्यानंतर केबिन कशाची बनली आहे ते समजून घ्या. एक साधं चुंबक जवळ ठेवा. जिथे चिकटेल तो पोलादी पत्रा. चिकटलं नाही तर ॲल्युमिनियम, फायबर किंवा प्लास्टिक. एकाच केबिनमध्ये हे सगळं असू शकतं: पोलादी दरवाजे, फायबरचं वायझर (समोरच्या काचेवरची सावलीची झडप) आणि वाऱ्याला वळवणारं छतावरचं आवरण, प्लास्टिकचा बंपर. प्रत्येकाचा प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पकड धरवणारा पहिला थर, वेगळा. पोलादी भागावर चुंबक कुठे लेचंपेचं धरतंय असं वाटलं, तर तिथे आधीच पुट्टीचा, म्हणजे पोचे भरायच्या लेपाचा, जाड थर आहे.

रंगाची जाडी मोजणारं छोटं यंत्र गॅरेजवाल्याकडे असतं. त्याला मोजून दाखवायला सांगा. कारखान्यातून आलेला रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) असतो. आकडा ३०० च्या वर गेला तर तो भाग आधी एकदा रंगवला गेलाय किंवा खाली पुट्टी आहे. अशा जाड थरावर आणखी थर चढवले की ते तडकतात, म्हणून तिथे जुना रंग सोलूनच काढावा लागतो. ॲल्युमिनियमसाठी वेगळ्या प्रकारचं यंत्र लागतं आणि फायबरवर ही साधी यंत्रं काहीच दाखवत नाहीत, हे लक्षात असू द्या.

जुना रंग ठेवायचा की सोलायचा

नवख्या मालकाला वाटतं, पूर्ण सोलून काढणं नेहमीच चांगलं. तसं नाही. कारखान्याचा मूळ प्रायमर जर घट्ट धरून असेल तर तो सोन्यासारखा आहे. तसा थर गॅरेजात पुन्हा बसवता येत नाही. तो घासून खरखरीत करायचा आणि त्यावरच पुढचं काम करायचं.

तीन चाचण्या पुरतात. धारदार पात्याने रंगावर बारीक जाळीसारख्या रेघा ओढा, त्यावर चिकट टेप दाबून झटक्यात ओढा. टेपला चौकोन चिकटून आले तर पकड गेलेली आहे, सोला. दुसरी, थिनरमध्ये भिजवलेलं फडकं अर्धा मिनिट एका जागी घासा. रंग फडक्याला उतरला किंवा मऊ पडला तर तो हार्डनर, म्हणजे रंग कडक करणारं मिसळायचं रसायन, नसलेला रंग आहे. त्यावर नवा रंग मारला तर खालचा थर सुरकुत्या पडून उचलला जातो. तिसरी चाचणी डोळ्यांची: पृष्ठभागावर भेगांचं जाळं दिसत असेल तर ते घासून जात नाही. वर कितीही थर द्या, काही महिन्यांनी त्याच रेघा पुन्हा वर येतात.

जुन्या गाड्यांच्या पिवळ्या, केशरी आणि लाल रंगांत शिशाची आणि क्रोमियमची संयुगं असायची. असा रंग कोरडा घासून धूळ उडवू देऊ नका. धूळ ओढून घेणारं यंत्र आणि योग्य मास्क हवेतच, आणि गॅरेजवाला याबाबत बेफिकीर असेल तर गाडी दुसरीकडे न्या. माझ्या मते हा एकच मुद्दा त्याची कामाची शिस्त सांगून जातो.

छटा ठरवणं

रंग तोच ठेवायचा असेल तर रंगाचा कोड शोधा. तो बहुधा दरवाजाच्या चौकटीवर किंवा केबिनच्या आत लावलेल्या पट्टीवर असतो. पण कोड ही सुरुवात आहे. उन्हात वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या केबिनचा रंग कोडातल्या रंगापेक्षा फिका झालेला असतो. पूर्ण केबिन रंगवणार असाल तर प्रश्न नाही. एकच दरवाजा रंगवणार असाल तर पत्र्याच्या तुकड्यावर नमुना मारून, सुकवून, उघड्यावर उन्हात आणि सावलीत दोन्हीकडे लावून बघा.

अनेक ट्रक एकाच रंगात हवे असतील तर राल (RAL) या रंगांच्या यादीतला क्रमांक घ्या. ही यादी जर्मनीत १९२७ साली सुरू झाली आणि तिचे चार आकडी क्रमांक रंग बनवणाऱ्या बहुतेक कंपन्यांना कळतात. ३०२० म्हणजे वाहतुकीच्या खुणांचा लाल, ५०१० गडद निळा, ९०१० शुद्ध पांढरा. नुसतं 'पांढरा' म्हणालात तर प्रत्येक गॅरेजातून वेगळा पांढरा येईल.

मेटॅलिक की साधा? धंद्याच्या ट्रकला मी साधाच सुचवतो. हार्डनर मिसळलेला, एकाच थराचा साधा रंग खडी लागून उडाला तरी पुन्हा जुळवता येतो. मेटॅलिकमध्ये धातूचे कण गन कशी फिरली त्याप्रमाणे बसतात, त्यामुळे एक दरवाजा रंगवताना शेजारच्या भागापर्यंत छटा विरवत न्यावी लागते, आणि वर क्लिअर कोट द्यावाच लागतो. लाल आणि पिवळा निवडताना एक लक्षात घ्या: शिसं नसलेले हे रंग झाकायला कमी पडतात. खालचा प्रायमर योग्य छटेचा नसेल तर चार हात देऊनही खालचं दिसत राहतं. चांगला पेंटर पत्र्यावर काळ्या-पांढऱ्या चौकटीचा कागद चिकटवून त्यावर रंग मारतो आणि चौकटी पूर्ण दिसेनाशा झाल्यावरच थांबतो.

रंग बदलणार असाल तर वाहनाच्या नोंदणीत आणि विम्यात तशी नोंद लागते का, हे काम सुरू होण्याआधी विचारून घ्या.

लेखी काय घ्यायचं

तोंडी 'सगळं करून देतो' याला अर्थ नाही. कागदावर हे हवं: कोणते भाग काढणार आणि कोणते टेपने झाकणार, दरवाजाच्या आतल्या कडा आणि केबिनची मागची भिंत धरली आहे की नाही, गंज अपेक्षेपेक्षा जास्त निघाला तर पुढचं काम तुम्हाला विचारून होणार, प्रायमर, रंग आणि क्लिअर कोट कोणत्या कंपनीचे, कोणत्या कोडचे, किती हात, गाडी किती दिवस उभी राहणार, आणि हमी कशाची आहे. हमी 'रंगाची' म्हणून चालत नाही. पोपडे सुटणं, फुगे येणं, रंग फिका पडणं हे वेगवेगळं लिहून घ्या.

गाडी सोपवताना चारही बाजूंचे, छताचे आणि आतल्या डॅशबोर्डचे फोटो काढून ठेवा.

भाग काढणं

आरसे, ग्रिल, दिवे, हँडल, वायपर, बिल्ले, वायझर, दरवाजाची रबरं. जितकं निघेल तितकं काढून घ्या. टेप लावून रंगवलेल्या रबराच्या कडेला रंगाची एक बारीक धार तयार होते. दरवाजा रोज उघडतो-मिटतो, केबिन रस्त्यावर हादरते, ती धार उचकटते आणि तिथून पाणी आत जातं. केबिनचा रंग सोलायला लागतो तो मधोमध नाही, अशा कडांवरून.

काढलेले स्क्रू आणि क्लिपा पिशव्यांत घालून चिठ्ठ्या लावलेल्या असाव्यात. प्लास्टिकच्या क्लिपा बऱ्याचदा तुटतात. नव्या आधीच मागवायला सांगा, नाहीतर रंग झाल्यावर गाडी एका क्लिपेसाठी अडते. पत्र्यावर वेल्डिंग होणार असेल तर त्याआधी बॅटरी सोडवलेली असलीच पाहिजे. चासी क्रमांकाची पट्टी आणि सूचनांच्या पाट्या यांच्यावर रंग जाऊ देऊ नका.

पुढच्या बंपरमध्ये किंवा ग्रिलमागे पुढच्या गाडीचं अंतर ओळखणारं रडार असेल तर त्याच्यासमोरच्या आवरणाला रंग द्यायचा का, हे ट्रक बनवणाऱ्या कंपनीच्या सूचनेतच बघायला हवं. रंगाची जाडी आणि त्यातले धातूचे कण रडारच्या लहरींना अडवतात. शंका असेल तर तो तुकडा तसाच राहू द्या.

जुने स्टिकर गरम हवेने सोलून काढा आणि त्यांचा गोंद पूर्ण उतरवा. स्टिकरखालचा रंग उन्हापासून वाचलेला असतो, त्याची कड उंचवट्यासारखी उरते. ती सपाट घासली नाही तर नव्या रंगातून जुन्या कंपनीचं नाव वाचता येतं.

घासणं आणि पुट्टी

घासण्याआधी ओशटपणा काढायचा, नंतर नाही. मेण, डिझेल किंवा टायरच्या पॉलिशमधलं सिलिकॉन पत्र्यावर असताना पॉलिश पेपर चालवला तर ते चऱ्यांमध्ये दाबलं जातं. मग रंग मारताना जागोजागी छोटे खड्डे पडतात, रंग तिथून बाजूला सरकतो. पुसायची रीत दोन फडक्यांची: एकाने द्रावण लावायचं, ते वाळायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने उचलायचं. वाळू दिलं तर तेल तिथेच परत बसतं.

गंजाची जागा स्वच्छ चमकणारा पत्रा दिसेपर्यंत खरवडावी लागते. पत्रा चाळणीसारखा झाला असेल तर तो कापून नवा तुकडा वेल्ड करायचा. भोकावर पुट्टी भरून देणारे भेटतील. त्यांना नाही म्हणा. पुट्टी सच्छिद्र असते, मागून आलेलं पाणी शोषून घेते आणि आतून गंज वाढवते. त्याच कारणाने पुट्टी पाणी घालून घासू नये. पोचा आधी ठोकून, ओढून शक्य तितका वर आणायचा आणि पुट्टी फक्त उरलेल्या दोन-तीन मिलिमीटरसाठी.

ॲल्युमिनियमच्या केबिनला वेगळी काळजी लागते. रिव्हेटच्या रांगा जवळून बघा. रिव्हेटच्या डोक्याभोवती रंग गोल फुगलेला असतो आणि टोचला तर आतून पांढरी भुकटी निघते. पोलाद आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकले आणि मध्ये खारट पाणी गेलं की ॲल्युमिनियम खाल्लं जातं, ही ती भुकटी. प्रत्येक रिव्हेटभोवती हाताने साफ करावं लागतं, यंत्र तिथे पोचत नाही. पोलादावर वापरलेला पॉलिश पेपर ॲल्युमिनियमवर अजिबात चालवू नये, लोखंडाचे कण रुततात आणि तिथून पुन्हा सुरुवात होते. आणि उघडं ॲल्युमिनियम हवेत लगेच ऑक्सिडाइझ होतं, तेव्हा घासलेल्या दिवशीच त्याला प्रायमर मिळाला पाहिजे.

पेपरचे क्रमांक तुम्हाला पाठ असायची गरज नाही, पण क्रम माहीत असावा. आकडा जितका मोठा तितका पेपर बारीक. पुट्टीला आकार देताना ८०, मग १८०, २४०, ३२०. प्रायमरवर शेवटचा हात साध्या रंगासाठी ४०० ते ५००, मेटॅलिकसाठी त्याहून बारीक. एका पेपरवरून दुसऱ्यावर जाताना शंभरापेक्षा मोठी उडी मारायची नाही, हा जुना नियम आहे. ८० वरून थेट ४०० वर गेलं तर खोल चरे तसेच राहतात. ते त्या दिवशी दिसत नाहीत. रंग आकसत सुकला की काही आठवड्यांनी दिसतात.

केबिन करड्या रंगात असताना जा

एकदाच जाणं जमणार असेल तर या दिवशी जा. उघड्या पत्र्यावर गंजाला अडवणारा इपॉक्सी प्रायमर, त्यावर घासून सपाट करायचा जाड थर, म्हणजे सरफेसर, आणि सगळी केबिन एकसारखी करडी. प्लास्टिकच्या भागांना आधी रंगाची पकड धरवणारं वेगळं रसायन लागतं. ते लावलं का, विचारा.

चांगला पेंटर सरफेसरवर काळी पूड पसरवून मग लांब ठोकळ्याने घासतो. उंच भागावरची पूड निघून जाते, खोलगट जागी काळे डाग उरतात. ते डाग म्हणजे राहिलेले पोचे आणि चरे. तुम्ही गेलात तेव्हा डाग दिसले तर काम चालू आहे. पूडच वापरली नसेल तर हाताने बघा: हातात पातळ फडकं घेऊन तळवा पूर्ण टेकवून लांब लांब फिरवा. डोळ्याला न दिसणारा उंचवटा तळव्याला कळतो. या दिवशी सांगितलेली दुरुस्ती तासाभराची असते, रंग झाल्यावर तीच दिवसांची होते.

दरवाजाच्या खालच्या कडेला पाणी निघायला बारीक भोकं असतात. ती पुट्टीने किंवा प्रायमरने बुजली नाहीत ना, हे वाकून बघा. बुजली असतील तर दरवाजात पाणी साठेल आणि नवा रंग आतून कुजेल.

रंगाचा दिवस

या दिवशी तुमचं काम थोडं आहे. बूथ, म्हणजे रंग मारायची बंद खोली, स्वच्छ आणि साधारण २० अंश सेल्सिअसच्या आसपास असावा. पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं पाणी होऊ लागतं) किमान ३ अंशांनी जास्त हवं, नाहीतर पत्र्यावर डोळ्याला न दिसणारा दमटपणा बसतो. कॉम्प्रेसरची हवा पांढऱ्या फडक्यावर सोडून बघायला सांगा. पाण्याचा किंवा तेलाचा ठिपका पडला तर रंग मारायचा नाही. सगळे डबे आधीच एका मोठ्या भांड्यात एकत्र करून घेतले की डाव्या आणि उजव्या दरवाजाच्या छटेत फरक पडत नाही.

हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. श्वासातून गेलं तर दमा जडतो, आणि एकदा शरीर त्याला चिडलं की पुढे अगदी थोड्या वाफेनेही त्रास होतो. त्याला धोक्याची सूचना देणारा वास नसतो, त्यामुळे साधा मास्क किंवा रुमाल यावर भागत नाही. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्कच हवा. गन बंद झाल्यावरही धुकं काही वेळ हवेत असतं. कुतूहल म्हणून बूथमध्ये डोकावू नका, आणि स्वतः अंगणात असा रंग मारायचा विचार असेल तर तो सोडून द्या.

भट्टीत सुकवणार असतील तर पत्र्याचं तापमान साधारण ६० अंश आणि वेळ अर्धा तास असतो. केबिनमधल्या गॅसच्या सिलिंडरसारख्या वस्तू, लायटर, स्प्रेचे डबे आधीच बाहेर काढून ठेवा.

ताब्यात घेताना

रात्री किंवा पाऊस पडत असताना गाडी घेऊ नका. कोरडी, दिवसाच्या उजेडात घ्या. ओघळ शोधा ते हँडलच्या खाली आणि कडांवर. पृष्ठभाग थोडा संत्र्याच्या सालीसारखा असणं हा ट्रकवर दोष धरत नाहीत, पण एक दरवाजा आरशासारखा आणि दुसरा खरखरीत असं नको. दरवाजे उघडून आतल्या कडा, छत, मागची भिंत बघा. काचेवर आणि रबरांवर पाइपने पाणी सोडून आत ओल येते का ते तपासा. आरसे, वायपर, सगळे दिवे चालवून बघा. समोरचं रडार किंवा कॅमेरा काढला असेल तर त्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे अचूक मोजण्यासाठी पुन्हा जुळवणं, झाल्याचा कागद मागा.

पहिला महिना

हाताला कोरडा लागला म्हणजे रंग पक्का झाला असं नाही. २० अंशाला हार्डनरचा रंग पूर्ण घट्ट व्हायला साधारण आठवडा लागतो, थंडीत जास्त. तोवर जोराच्या फवाऱ्याने किंवा ब्रशच्या यंत्रात धुऊ नका. साधं पाणी आणि मऊ कापड. पक्ष्यांची विष्ठा आणि सांडलेलं डिझेल दिसताक्षणी धुऊन टाका. मेणाचं पॉलिश महिनाभर लांब ठेवा.

कंपनीचं नाव लगेच लावायची घाई सगळ्यांनाच असते. रंगातून द्रावणाची वाफ अजून निघत असते आणि स्टिकरखाली तिचे फुगे होतात. रंगवाल्याने आणि स्टिकरवाल्याने सांगितलेल्या मुदतींपैकी जी जास्त असेल ती पाळा. त्यानंतरही आधी एक छोटा तुकडा चिकटवून, एक दिवस उन्हात ठेवून फुगे येतात का बघा.

उरलेला रंग मागून घ्या, पण हार्डनर न मिसळलेला. छोट्या डब्यात काठोकाठ भरून, झाकण घट्ट करून, वर कोड आणि तारीख लिहून ठेवा. उघडलेला हार्डनर जपून उपयोग नाही, हवेतल्या ओलाव्याने तो गढूळ होऊन वाया जातो; लागेल तेव्हा नवा घ्यावा. बंपरच्या वर खडीचे टवके उडणारच आहेत. पत्रा उघडा दिसला की त्याच आठवड्यात साफ करून आधी प्रायमरचा आणि मग रंगाचा ठिपका द्या.